शेवटच्या चौकोनातली तारीख

आम्ही रूळ संपतात तिथपर्यंत जाऊन आलो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक दर दोन वाक्यांनी "मग? पोचलात की नाही?" असं विचारतात आणि माझा सांगण्याचा सूर जातो. पोचलो. चांगले तासभर होतो तिथे. रुळांच्या टोकाला जो लाकडी अडसर असतो, त्यावर हात ठेवून मी फोटो काढून घेतला. आता तो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दारातूनच दिसेल असा लावलाय. कुणी विचारलं नाही तर मीच विषय काढते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. अख्खी इमारत ह्यांना टीसीकाका म्हणते. चौतीस वर्षं गाडीत तिकिटं तपासली. निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. नाटकाला गेलो की शेजारच्याच्या हातातल्या तिकिटावरचा खुर्चीचा नंबर ह्यांनी त्याच्या आधी वाचलेला असतो. लग्नाची पत्रिका आली की नावं राहिली बाजूला, आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघणार. एकदा नव्हते जुळत, तर मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं. बिचाऱ्यांनी चारशे पत्रिका छापल्या होत्या.

ह्यांच्या तोंडी दोन वाक्यं कायमची. पहिलं, "तिकिटावर प्रवाशानं पेन लावायचं नाही." तिकिटावर काही लिहायचं तर ते रेल्वेच्या माणसानं; प्रवाशानं नुसतं सांभाळायचं आणि मागितलं की दाखवायचं. ज्यानं पेन लावलं तो लबाड, विषय संपला. आणि दुसरं, "आधी पावती, मग बोला." म्हणजे पकडलेल्या माणसानं आधी दंड भरायचा, मग काय ते रडगाणं गायचं. पावती फाडून झाली की हे पुढच्या डब्यात गेलेले असायचे, त्यामुळे रडगाणं कुणी ऐकलंच नाही.

हे मी अनुभवानं सांगते. माझा धाकटा भाऊ एकदा ह्यांच्याच गाडीत सापडला. आमच्याकडेच यायला निघाला होता. मी त्याला उतरवून घ्यायला फलाटावर उभी, आणि बघते तर काय, आमचे हे माझ्या भावाला दंडाला धरून खाली उतरवतायत. त्याच्या तिकिटावर तारखेतल्या सहाचे सात केलेले होते, निळ्या पेनानं. तो म्हणत होता, "भाऊजी, अहो एक मिनिट ऐकून तर घ्या." ह्यांनी काय उत्तर दिलं असेल, तुम्हीच सांगा. माझ्यासमोर पावती फाडली. भावानं पैसे दिले, पावती खिशात घातली, समोरच्या गाडीत बसला आणि परत गेला. त्यानंतर राखायचा तेवढा मान राखला, सणासुदीला माझ्याशी बोलला, पण ह्यांच्याशी एक अक्षर नाही. अकरा वर्षं. मी दोघांमध्ये लोंबकळत राहिले. सहाचे सात का केले ते मी विचारलं, तर भाऊ म्हणाला, "ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही, आता तुला सांगून काय करू?"

ह्यांना दर वर्षी कुटुंबासाठी फुकट पास मिळायचा. आम्ही तो किती वेळा वापरला असेल? दोनदा. एकदा सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आणि एकदा बदली झाली तेव्हा सामानासकट. बाकीच्या वर्षी रजा नाही. रजा मिळत नव्हती असं नाही, हे मागत नव्हते. चौतीस वर्षं माझा नवरा रोज प्रवासाला जात होता आणि मी खिडकीत उभी.

आणि माझ्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. कुणीतरी ह्यांच्या ऑफिसात वाटलेलं, त्यात परदेशातल्या रेल्वेची चित्रं. डिसेंबरच्या पानावर एक पिवळं, इवलंसं स्टेशन, मागे तळं, आणि रूळ तळ्याच्या काठाशी येऊन संपलेले. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, ते पान मी कापून मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. एकवीस वर्षं रोज हळद काढताना बघत होते. मी कुणाला काही बोलले नव्हते. पण मुलीच्या नजरेतून काही सुटत नाही, बापावर गेलीय. तिनं त्या स्टेशनाचं नाव शोधून काढलं आणि आमच्या हातात विमानाची तिकिटं आणि त्या देशाचा रेल्वेचा पास ठेवला. दोघांत एक पास. महिन्याभरात कुठलेही पाच दिवस, कुठलीही गाडी, कितीही वेळा चढा-उतरा. पासावर पाच रिकामे चौकोन.

"बाबा, नीट ऐका," मुलगी म्हणाली. "ज्या दिवशी प्रवास करायचा त्या दिवशी गाडीत चढायच्या आधी चौकोनात तारीख लिहायची. आपल्या हातानं."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्या."

हे हसले. "असं कुठं असतं होय? उद्या म्हणशील, शिक्काही आपणच मारायचा."

तिथे गेल्यावर ह्यांनी काय केलं ऐका. पहिल्या दिवशी मोठ्या स्टेशनात तिकीट खिडकीच्या रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर पास पुढे सरकवला, चौकोनावर बोट ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे खूण केली. खिडकीतला माणूस खांदे उडवून स्वतःचं पेन पुढे करतो, तर हे हात मागे घेतात. शेवटी मागची रांग कुरकुरायला लागली म्हणून त्यानंच लिहून दिली. हे विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. "बघ. रेल्वेचाच माणूस लिहितो." असं चार दिवस, चार स्टेशनांत, चार खिडक्यांवर. आमची एक गाडी चुकली ह्यापायी, पण मी तोंडातून शब्द काढला नाही. कारण बाकी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मी खिडकीशी बसत होते आणि माझा नवरा माझ्या शेजारी बसत होता, उभा नाही. हे एवढंच मी लग्नापासून मागत होते.

पाचवा चौकोन आम्ही पिवळ्या स्टेशनासाठी राखून ठेवला होता. महिनाही तेव्हाच संपत होता आणि दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. आदल्या रात्री एका खेड्यात, बेकरीच्या वरच्या खोलीत मुक्काम केला. तिथून एकच गाडी थेट रुळांच्या टोकापर्यंत जाते. दिवसाला दोनच फेऱ्या, सकाळची आणि संध्याकाळची. संध्याकाळच्या गाडीनं गेलात तर त्या दिवशी परत यायची सोय नाही. म्हणजे आमच्यासाठी सकाळचीच एक.

सकाळी स्टेशनावर गेलो तर स्टेशन म्हणजे एक बाक, एक घड्याळ आणि तिकिटं काढायचं एक यंत्र. खिडकी नाही, माणूस नाही.

"लिहा आता," मी पर्समधून पेन काढलं.

"गाडीत चेकर येईल. तो लिहील."

"अहो, चढायच्या आधी लिहायचं म्हणून पोरगी चारदा बजावून गेली."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

मी म्हटलं, मी लिहिते. तर पास ह्यांच्या आतल्या खिशात. गाडी आली. मी चढले, दुसरं काय करणार?

पाच मिनिटांत चेकर आली. बाई होती, पांढरे केस, ह्यांच्याच वयाची. कमरेला तिकिटाला भोक पाडायचा पंच लटकत होता. ह्यांनी पास पुढे केला आणि रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून मान डोलावली, म्हणजे लिहा आता. तिनं पास बघितला. मग फोन काढून त्यात काही बोलली आणि फोन आमच्यापुढे धरला. फोन मराठीत बोलला, अगदी शांतपणे: तारीख नसलेला पास म्हणजे विनातिकीट प्रवास. पास जमा करावा लागेल. पुढच्या स्टेशनवर उतरावं लागेल.

एकवीस वर्षांची हळद डोळ्यांसमोर आली. ह्यांच्याकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक. चौतीस वर्षं जे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं ते आज ह्यांनी बसून ऐकलं. आणि हा माणूस काय म्हणाला असेल? "बरोबर आहे तिचं. चल, बॅग काढ."

मी म्हटलं, बॅग नाही आणि बिग नाही. तिच्या हातातला फोन मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. "बाई, हा माणूस माझा नवरा," मी फोनला सांगितलं. "हाही चेकर होता, चौतीस वर्षं. आमच्याकडे तिकिटावर प्रवाशानं पेन लावलं तर तो लबाड ठरतो. ह्याला लबाड व्हायचं नव्हतं म्हणून ह्यानं पेन लावलं नाही. मूर्ख आहे, पण चोर नाही. तुम्हाला काय करायचं ते करा, पण आधी ऐकून घ्या."

फोननं ते सगळं तिच्या भाषेत सांगितलं. मूर्ख शब्दाचं काय केलं देव जाणे, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती आमच्यासमोरच्या बाकावर बसली. ड्यूटीवर असलेला चेकर बसतो, हे ह्यांना नवीन होतं. तिनं पास उजेडात धरला. चार तारखा, चार वेगवेगळी अक्षरं, चार रंगांची शाई. एका कारकुनानं तर शेजारी शिक्काही ठोकला होता. तिनं विचारलं, "ह्या तारखा कुणी लिहिल्या?"

"खिडकीवरच्या लोकांनी," हे म्हणाले.

"नियमानं त्याही चुकीच्या आहेत. प्रवाशाचंच अक्षर लागतं." तिनं खिशातून पेन काढलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "लिहा."

आता तरी गप्प बसावं ना? नाही. आमचे हे तिच्याच बाजूनं भांडायला लागले. "गाडी सुटल्यावर लिहिलेली तारीख चालत नाही. तुम्ही मला सोडलंत तर तुमच्या नोकरीवर येईल."

मला वाटलं, आता ह्यांना मीच पुढच्या स्टेशनवर उतरवते.

बाईनं फोनमध्ये सावकाश उत्तर दिलं. "प्रवाशाचं ऐकायचं आणि मग ठरवायचं, हा अधिकार मला नोकरीनंच दिलाय. तुम्हाला नव्हता?"

गाडी एका पुलावरून चालली होती.

"होता," हे म्हणाले. "नियमपुस्तकात होता. मी कधी वापरला नाही."

मग त्यांनी पेन घेतलं. ह्या हातानं किती पावत्या लिहिल्या असतील, डोळे मिटून लिहायचे, आणि त्या दिवशी एक तारीख शाळकरी पोरासारखी एकेक आकडा कोरत लिहिली. मी पास खालून धरून ठेवला. लिहून झालं. तिनं कमरेचा पंच काढला, पासाच्या कोपऱ्यात भोक पाडलं आणि ह्यांच्याशी हात मिळवून पुढच्या डब्यात निघून गेली.

आणि मग आलं हो माझं स्टेशन. पिवळंच होतं. तळं चित्रातल्यापेक्षा मोठं. मी फलाटावरून खाली उतरून रुळांच्या टोकापर्यंत चालत गेले आणि त्या अडसरावर हात ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू, आणि ते आवरेना. इथं मी आले होते, माझ्या पायांनी, नवऱ्याला बरोबर घेऊन, आणि त्याला वाटेत वाचवून. ह्यांनी फोटो काढला. पहिल्यात त्यांचं बोट आलं, दुसरा नीट आला.

मागे वळून बघते तर हे स्टेशनातल्या बाकावर बसून माझ्या फोनवर नंबर शोधतायत. मला वाटलं मुलीला लावतायत.

"मी बोलतोय," हे म्हणाले. पलीकडून माझा भाऊ "कोण?" म्हणाला ते मला इतक्या लांबून ऐकू आलं, कारण त्याचा आवाज लहानपणापासून फुटक्या कर्ण्यासारखा आहे.

"तुझ्या ताईचा नवरा. ऐक, फोन ठेवू नकोस. त्या दिवशी सहाचे सात का केले होतेस? त्या दिवशी विचारायला हवं होतं. आज विचारतोय. आधी तू बोल."

परतीच्या गाडीला पन्नास मिनिटं होती. माझा भाऊ पंचेचाळीस मिनिटं बोलला. ह्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.