मामांनी समजावलेलं हाड

जगात समजावून सांगणारे पुष्कळ असतात. पण समोरच्याला जे आधीच समजलेलं असतं तेसुद्धा काढून घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे मामा. आमच्या या हिंदी मुलखात, उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात लोखंडासोबत घालवून ते आता पुरानी बस्तीत राहतात आणि दिवसभर कुणाला ना कुणाला काहीतरी समजावत असतात. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा घरी यायचा रस्ता त्यांनी मला फोनवर इतका खुलासेवार सांगितला, की मी सदर बाजारात फिरून फिरून त्याच सराफापुढे येऊन उभा राहत होतो. शेवटी हा काहीतरी घेणारच म्हणून बिचाऱ्याने चहा मागवला. मामींना त्यांनी एकदा कुकरच्या शिट्टीमागचं तत्त्व सांगितलं. त्या दिवसापासून मामी वरण पातेल्यातच शिजवतात. बोलता बोलता ते मध्येच थांबून विचारतात, "समजून राहिले ना?" हव म्हटलं तर ते खूश होऊन पुढे सांगतात, आणि नाही म्हटलं तर पहिल्यापासून सांगतात.

मामींची नजर साखरेच्या आजारानं फार अधू झाली आहे. मामा रोज संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना देवळात न्यायचे आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याचा इतिहास सांगत जायचे. मामी ऐकायच्या ते त्यांच्या हाताचं, तोंडाचं नव्हे. म्हणून त्या कधी पडल्या नाहीत.

पडले ते मामाच. त्यांच्या खुब्यात काही वर्षांपूर्वी कृत्रिम सांधा बसवला होता. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं, तेही नेमकं त्या सांध्याच्या, हाडात बसवलेल्या सळईभोवती. डॉक्टरांनी हिंदीत अगदी सोपं करून सांगितलं. जुनी सळई हाडात घट्ट असेल, तर हाडाला बाहेरून धातूची पट्टी लावायची. खाली स्क्रू मारायचे, आणि वर जिथे आत सळई आहे तिथे स्क्रूला नीट जागा मिळत नाही, म्हणून तारांनी आवळायचं. सळई ढिली झाली असेल, तर ती काढून लांब सळई घालायची. एक्स-रेत घट्ट दिसते, पण खात्री उघडल्यावरच. मला हे सगळं समजलं होतं. शपथेवर सांगतो, समजलं होतं. मग मामांनी ते मला समजावलं.

दवाखान्यात भेटायला येणारे केळी आणत. मामा एक केळं घेत, त्यात अगरबत्ती खुपसत, केळं मोडत आणि त्याला दोरा गुंडाळत. "हे हाड, हे सळई. हाड तुटलं, लोखंड नाही तुटलं! समजून राहिले ना?" ऐकणारा मान डोलवून बाहेर पडे आणि व्हरांड्यात आम्हाला वेगळंच काही विचारी. शेजाऱ्यांना वाटलं पाय कापणार. नागपूरच्या मावशींना वाटलं सळई पोटात गेली. त्या फोनवर रडायला लागल्या. मग मामांनी डॉक्टरांनाच धरलं. त्यांचं ऐकता ऐकता डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला आणि कुठला पाय ते एकदा पाहून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मात्र उशाशी केळी तशीच पडलेली. मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मामांनी माझी बाही धरली.

"जावईबापू, मले काहीच समजून नाही राहिलं."

मी चपापलो. आजवर हे वाक्य लोक त्यांच्यासमोर म्हणत आले होते.

"सळई घट्ट आहे का ढिली, ते उघडल्यावर समजन. पन मी चालीन का नाही, ते तं उघडल्यावर बी नाही समजत. मग इले मंदिरात कोन नेईन?"

"सगळं ठीक होईल, मामा."

"काहून?"

त्यांना कारण हवं होतं. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो, आणि ते माझ्याकडे विद्यार्थ्यासारखे पाहत राहिले.

सळई घट्ट निघाली. पट्टी लागली, तारा आवळल्या गेल्या. कितीतरी दिवस त्या पायावर भार टाकायचा नाही, नुसता अंगठा टेकवायचा, असा हुकूम होता. हाड हळूहळू जुळलं. आता संध्याकाळी दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातात. देऊळ अजून लांब आहे.

वॉकर धरायला दोन्ही हात लागतात, तेव्हा मामींना द्यायला हात उरलेला नाही. मामी मागून त्यांचा सदरा मुठीत धरतात. मामांना वळून बघता येत नाही. धाप लागते, म्हणून जास्त बोलताही येत नाही. "खड्डा," ते म्हणतात. मग "थांब." मग "चल."

"पुढं काय आहे जी?" मामी विचारतात.

"पाहू," मामा म्हणतात.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. आता त्यांच्यामागून चालताना रोज ऐकतो.