दोन्ही गांधार

पेटीवर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे वाजवलं. अमरावतीत भजन असो की भावगीतांचा कार्यक्रम, गायक जाईल तिकडे जायचं. मुलगी नोकरीसाठी बाहेर पडली तेव्हा कीबोर्ड घेतला. आता आपल्या मनातलं वाजवायचं होतं. जाझमध्ये तसं चालतं, असं ऐकून होते. शिकवणारा अकोल्यात सापडला. प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून परत आलेला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.

त्याची पद्धत सरळ होती. एखाद्या वादकाचा एक सोलो, म्हणजे त्याने मनाने वाजवलेला एकट्याचा तुकडा, निवडायचा, कानाने उतरवून घ्यायचा, आधी गाऊन दाखवायचा, मग बोटांवर घ्यायचा. त्याशिवाय स्वतःचं सुचत नाही, म्हणे.

मी निवडण्यातच अडकले. आधी सगळ्यात वेगवान सॅक्सोफोन उचलला. ताना वाजवायची सवय, म्हटलं जमेल. दुसऱ्या ओळीलाच हात टेकले. मग पियानो; त्यात दोन्ही हातांचं वेगवेगळंच चाललेलं. मग व्हायोलिन. फोडणी देताना एक ऐकायचा, कुकर होईपर्यंत दुसरा. रविवारी बडनेऱ्याला अकोल्याची गाडी धरायची आणि मूर्तिजापूर यायच्या आत आधी ठरवलेला सोलो रद्द झालेला असायचा.

"ताई, तुमी सोलो निवडून राहिल्या का साडी?" तो एकदा म्हणाला. "पुढच्या रविवारी एक पक्का आणा. नाहीतर तुमची वेळ दुसऱ्याले देतो. लोकं थांबून आहेत."

ती वेळ गेली असती तर मी पुन्हा मागे वाजवायला मोकळी. त्या आठवड्यात एक ट्रम्पेटचा घेतला. छोटा, संथ, भांडी आवरताना गुणगुणता येईल असा. मोबाईलवर तानपुरा लावला, सा धरला आणि सरगम लिहीत गेले. उतरलासुद्धा. रविवारी मान ताठ ठेवून गाऊन दाखवला.

तो हसायलाच लागला. "याले तर तुमी आंघोळ घालून, पावडर लावून आणलं!"

"काहून? चुकलं कुठं?"

त्याने मूळ सोलो लावला. एकाच ओळीत ट्रम्पेट कोमल आणि शुद्ध, दोन्ही गांधार घेत होता, एकाला एक घासून. मला ते घरीही ऐकू आले होते. पण गायक घसरला की साथीदाराने गुपचूप सावरून घ्यायचं, हे आम्हा पेटीवाल्यांच्या हाडात असतं. मी कोमल गाळून शुद्ध तेवढा ठेवला होता.

"तो घसरला नाही, ताई. मुद्दाम गेला. तानपुरा बंद करा अन् गा."

बंद केला. सा नसताना चालत्या बसमध्ये दांडा सोडून उभं राहिल्यासारखं झालं. कोमल गांधारावर गळा आपोआप वर सरकायचा. पुन्हा गायले, पुन्हा सरकला. शेवटी एकदाचा आला. ओबडधोबडच आला.

"माझी वेळ?" मी विचारलं.

"तुमचीच राहिली. पण हाच सोलो. बदलला तर येऊ नका."

परतीच्या गाडीत बोट पुन्हा मोबाईलवर. सॅक्सोफोनचा तो दुसरा बरा होता का? लावला, बंद केला. मग ट्रम्पेटची तीच ओळ गुणगुणायला लागले, जरा मोठ्यानेच.

समोरची बाई बराच वेळ बघत होती. "काय वं बाई, घसा बसला काय?"

"नाही," म्हटलं, आणि ओळ पहिल्यापासून घेतली.