दोरा की वळवलेली टोकं

सोयाबीन निघालं की सेलूजवळचं ते रान काही दिवस मोकळं राहायचं. सकाळी वारा उठायच्या आत दादा आणि मी तिथं आमची बिनइंजिनाची विमानं घेऊन जात असू. थर्माकोलची, हातभर पंखांची, एकाच साच्यावरून कापलेली. घरात आम्ही दोघंच, भाऊ आणि बहीण. तो शिक्षक म्हणून निवृत्त झालेला, मी अजून ग्रंथालयात नोकरीला.

वाद एकच होता. विमान सरकताना हवा त्याला मागे ओढते. ती ओढ कशानं जास्त कमी होते? दादाच्या मते, पंखावर पुढच्या कडेजवळ बारीक दोरा चिकटवावा. त्याला अडखळून हवा जराशी ढवळते आणि मग मागपर्यंत पंखाला धरून राहते. माझा भरवसा पंखांच्या वर वळवलेल्या टोकांवर. खालची हवा टोकाला वळसा घालून वर येते, मागे भोवरा सोडते. टोक वळवलं की तो भोवरा मंदावतो.

"तुझं विमान तं चिखलातून चालल्यासारखं लुगडं वर उचलून राह्यलं," तो म्हणायचा.

"अन् तुझ्याले नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधला काय?"

विमान तो सोडायचा. मी पुढे उभी राहून, ते टेकलं तिथं तुरीची वाळकी काडी रोवायची. कधी दोरा पुढे जायचा, कधी माझी टोकं. पुढच्या हिवाळ्यात नीट पाहू, असं ठरलं.

यंदा पावसाळ्यात दादा गेला.

सोयाबीन निघाल्यावर मी एकटीच रानात गेले. मला निकाल हवा होता. त्याच्या बाजूनं लागला असता तरी चाललं असतं. पण माझ्या हातून सुटलेलं विमान नाक वर करून थबकलं आणि जवळच पडलं. दोऱ्याचं तसं, टोकांचंही तसंच.

शेताची मालकीण बांधावरून पाहत होती. "काऊन मॅडम, एकल्याच? भाऊ नाई आले?"

"दादा वारला. पावसाळ्यात."

ती बांध उतरली. मग जवळ येऊन तिनं पदर खोचला. "आना इकडं. मी उडवतो, तुम्ही तिकडं उभ्या राहा."

तिनं गोफण मारावी तसं ते भिरकावलं. उंच गेलं आणि ढेकळांत आपटलं.

"भावाचं पाखरावानी जाये," ती म्हणाली. "माह्यं दगडावानी पडलं."

तुलना करताना बाकी सारं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे मला दादानंच शिकवलं होतं. आमच्या सगळ्या मोजण्यांत जी एक गोष्ट कधीच बदलली नव्हती, ती म्हणजे त्याचा हात. आता जुन्या कुठल्याच खुणेशी नवी खूण लावून पाहता येणार नव्हती.

दोरा आणि टोकं बाजूला ठेवून मी एक साध्या पंखांचं विमान कापलं. रोज सकाळी ते सोडते, चालत जाते, काडी रोवते, ते उचलून परत येते. माझा हात अजून बसलेला नाही; काड्या रानभर विखुरलेल्याच असतात. रान नांगरायच्या आत त्या एका जागी जमू लागल्या, तर दोरा लावून पाहीन.