चमचाभर पाणी

बावीस वर्षं त्या बारच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस, आणि त्याला घरी बसवलं कुणी? बायकोच्या सख्ख्या भावाने! ज्याला ह्याने ग्लास पुसण्यापासून शिकवलं, त्यानेच मालकाचे कान भरले, "दाजींचा हात आता चालत नाही. ती ओल्ड फॅशन्ड गाजते ना, ती कधीपासून मीच बनवतो." मालक हलक्या कानाचा. दुसऱ्या दिवसापासून काउंटर मेहुण्याच्या ताब्यात.

बारवाला आतल्या आत धुमसत होता. ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल म्हणजे त्याचा जीव की प्राण. फार पूर्वी लोक व्हिस्कीत नाही नाही ते ओतून तिची पार वाट लावायला लागले, तेव्हा वैतागलेली गिऱ्हाइकं म्हणाली, आम्हाला आपली जुन्या पद्धतीचीच द्या. त्यावरून हे नाव पडलं, असं तो रंगवून सांगायचा. एक गोष्ट मात्र कुणाला सांगायचा नाही. साखरेची वडी, बिटर्स नावाच्या कडू अर्काचे थेंब आणि चमचाभर पाणी तो पाठ फिरवून घोटायचा. साखर नुसत्या व्हिस्कीत नीट विरघळत नाही, तिला आधी पाणी लागतं. मेहुण्याला वाटायचं, दाजी ग्लास पुसताहेत.

महिन्याभरात स्वारी घरी हजर. "दाजी, तळाशी साखर राहते हो, लोकांच्या दाताखाली कचकच येते. उद्या दुपारी मालकाचे खास पाहुणे येताहेत. वाचवा!"

बायको कळवळली. बारवाल्याने मेहुण्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "एवढंच ना? सगळं बर्फासकट शेकरमध्ये घाल आणि दणकून हलव."

दुसऱ्या दिवशी बारवाला गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यात जाऊन बसला. मेहुण्याने खांदे दुखेपर्यंत शेकर हलवला. ग्लासात उतरलं ते गढूळ, पाणचट, शिवाय तळाशी साखर होती तशीच. पाहुण्याने एक घोट घेतला आणि ग्लास सरकवला.

"हे कुणी शिकवलं तुला?" मालक कडाडला.

मेहुणा कात्रीत सापडला. दाजींचं नाव घ्यावं तर थाप उघडी पडणार, न घ्यावं तर काउंटर जाणार. शेवटी पुटपुटला, "काल दाजींनी."

"काल शिकलास? मग इतके दिवस बनवत कोण होतं?"

मालकाने मेहुण्याच्या खांद्यावरचा नॅपकिन ओढला आणि बारवाल्यापुढे धरला.

बारवाल्याने मेहुण्याला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि त्याच्याकडे तोंड करून काम सुरू केलं. वडी, थेंब, चमचाभर पाणी. घोटलं, व्हिस्की ओतली, बर्फाचा मोठा खडा टाकला, सावकाश ढवळलं, वर संत्र्याची साल पिळली. काय गोड वाटलं त्याला ते!

"नीट बघून घे," तो म्हणाला. "आता तू शिकलास तरी माझी हरकत नाही."