तुमच्यापुरतं पाणी

सून नळाला फडकं बांधते. त्या ओल्या सुती कापडाचा वास आला की आजही माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही.

इंग्रजांच्या अमदानीत मी दरवर्षी इंझोरीकडच्या एका खेड्यात नारूचे रोगी मोजायला जायचो. ज्यांच्या पायातून दोऱ्यासारखा लांब जंत निघतोय, त्यांची नावं वहीत लिहायची, एवढंच काम. तिथल्या पार्बताबाईच्या ओसरीवर बसलो की ती बारवेचं पाणी द्यायची. मी ते उपरण्यातून गाळून प्यायचो. नारू त्या पाण्यातूनच होतो, हे मला ठाऊक होतं.

एकदा तिनं विचारलं, "बाबूजी, आमच्या हातचं पानी गाळून काहून पेता?"

"सवय आहे," मी म्हणालो. सांगू नको असं मला कुणीही बजावलं नव्हतं. मला समजावत बसायचा कंटाळा आला होता, बस्स.

पुढच्या वर्षी ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. घोट्यातून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला होता. मी वही उघडून तिचं नाव लिहिलं. तिनं कण्हत तांब्या पुढे सरकवला.

"तुमाले गाळेल पानी लागते नं," ती म्हणाली, "म्हून तुमच्यापुरतं पयलेच गाळून ठेवलं."