कापणाऱ्यानं सांगायचं असतं

डॉक्टरचा राग तर होताच. पण आमच्या बाबांचा मला त्याहून जास्त राग आला होता.

बाबांचं केस कापायचं दुकान आहे. त्यांच्या उजव्या मनगटावर वाटाण्याएवढी गाठ होती. सर्जननं ती काढली आणि सोबत नसही कापली. तेव्हापासून अंगठ्यात जीव नाही. कात्री धरली की निसटते. त्यांच्या खुर्चीवर आता चुलतभाऊ केस कापतो आणि बाबा गिऱ्हाइकांच्या अंगावरचे केस झटकत उभे असतात. मला ते बघवत नाही.

"वकील बघू या," मी पहिल्या महिन्यापासून म्हणत होते.

"थांब गं. तो सांगेल आपणहून."

कारण काय, तर बाबांच्या दुकानाचा कायदा. वस्तरा लागला, तर गिऱ्हाइकाला आरशात दिसायच्या आत आपण सांगायचं, मग तुरटी लावायची. कापणाऱ्यानं सांगायचं असतं. आणि हा कायदा साऱ्या जगाला लागू आहे, अशी यांची समजूत! दर तपासणीला बाबा हात टेबलावर ठेवून डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसायचे. तो म्हणायचा, "व्यायाम करा, होतं असं कधीकधी." वर बाबाच त्याचे आभार मानून यायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हा भाबडेपणा चालला असताना दावा लावायची मुदत संपत आली.

शेवटी मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. पहिल्या वकिलानं डॉक्टरचं नाव ऐकलं आणि लगेच चहा मागवला. "भला माणूस आहे हो तो. कशाला वाकड्यात शिरता?" भला माणूस म्हणे! चहा तसाच ठेवून मी उठले. दुसऱ्यानं कागद उघडलेसुद्धा नाहीत. केस जिंकलीच म्हणून समजा, म्हणाला. असल्या माणसाकडून मी चप्पलही शिवून घेणार नाही.

तिसरी वकीलबाई एका जिन्याखालच्या खोलीत बसायची. ऑपरेशनच्या आधी हात कसा होता, सही घेताना कुणी काय सांगितलं, सोबत कोण होतं, तिनं सगळं खोदून खोदून विचारलं.

"आधी बाहेरगावचा एक सर्जन हे कागद वाचेल," ती म्हणाली. "चूक झालीय असं तो म्हणाला, तरच मी उभी राहीन. आणि काका, तुम्हाला यातून नेमकं काय हवंय?"

"त्यानं माझ्यासमोर सांगावं, माझ्या हातून चुकलं म्हणून."

"ते मी मिळवून देऊ शकत नाही. भरपाई कदाचित मिळेल. पण तो नाहीच म्हणणार. त्याचा वकील तर म्हणेल, व्यायाम तुम्हीच केले नाहीत."

बाबा आता उठून जाणार, असं मला वाटलं.

"मी? मी केले नाहीत?" बाबा ओरडले. गिऱ्हाइकावर कधी आवाज न चढवलेला माणूस! उजवा हात त्यांनी दाणकन टेबलावर आपटला. हाताखाली आलेला पाण्याचा काचेचा पेला फुटला.

"काका, लागलं का?"

बाबांनी हात उलटा करून पाहिला. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"कळत नाही, बाई," ते म्हणाले. "पाठवा ते कागद."