बावट्याला वळसा

"तांडेल, तुमचा माल आला हो बोटीतनं! बर्फ लावू काय?"

गेल्या वर्षी जेटीवर माझ्या बाबांना हे कुणी विचारलं ते सांगत नाही, कारण त्या माणसाच्या घरी मी अजून चहाला जाते. माल म्हणजे मी. बोट म्हणजे स्पर्धेतली बचावाची बोट, तीही आमच्याच वाडीतली, भाड्याने लावलेली. भाट्याच्या समुद्रात साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं, ह्याला स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणतात. त्यातलं पोहणंच मला पुरं करता आलं नाही. कुणाची तरी लाथ बसली, नाकातोंडात पाणी गेलं, पाचावर धारण बसली आणि मी हात वर केला. दोघांनी काखेत धरून मला बोटीत ओढलं. बांगडा तरी तडफडतो. मी तेवढंही केलं नाही.

हे कुणा पुण्याच्या माणसाचं झालं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण माझे बाबा जन्मभर तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस. आणि मी नोकरीला बर्फाच्या फॅक्टरीत, जिथून सगळ्या बोटींना बर्फ जातो. म्हणून तो बर्फ. त्यात स्पर्धेच्या आधी आठवडाभर बाबांनी जेटीवर सांगत सुटायचं काही कारण होतं का? "बघा माझी बाय कशी जाते ती!" बाबांना स्वतःला पोहता येत नाही हो. "बोट असताना पोहायचं कशाला?" हे त्यांचं सरळ म्हणणं. पण लेकीचं कौतुक करायला पोहता यावं लागत नाही ना.

त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर हसले. घरी आले, जेवले, झोपले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेटीवर जायचं सोडलं.

हे किती मोठं होतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बोट विकल्यापासून रोज संध्याकाळी तिथे एका उलट्या घातलेल्या होडीवर चार-पाच जुने तांडेल बसायचे, दुसऱ्यांची फाटकी जाळी मांडीवर घेऊन शिवायचे आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. तेवढ्यावर बाबा जगत होते. ते सुटलं आणि माणूस टीव्हीसमोर बसला तो बसलाच. आई कातावली. मला म्हणाली, "ह्यांना बाहेर काढ गो बाय. दिवसभर माझ्या पायात पायात येतात. कालवणात मीठ किती घालायचं तेसुद्धा मला शिकवायला लागलेत!"

माझं डोकं लवकर तापतं. ते तापलं. म्हटलं, ह्या वर्षी परत उतरायचं आणि स्वतःच्या पायांनी पाण्याबाहेर यायचं. नंबर गेला खड्ड्यात. बाबांना त्या उलट्या होडीवर परत बसवायचं, बस्स.

मग काय, वर्षभर घरात धुमाकूळ. नवरा जयगडला पोर्टवर, शिफ्टची नोकरी. तो घरी असला की मी पोहायला, तो कामावर गेला की मी स्वयंपाकघरात. लाथेची भीती कशी घालवायची? मी तलावावरच्या बायकांच्या बॅचला सांगितलं, माझ्या बाजूने पोहा आणि मुद्दाम लाथा मारा. आधी सगळ्या "अगो, असं कसं" करून लाजल्या. मग ज्या सुटल्या! एकीने तर सासूवरचा सगळा राग माझ्या बरगड्यांवर काढला. फॅक्टरीत गाडीवाला रोज विचारायचा, "मॅडम, ह्या वर्षी किती लाद्या काढून ठेवू?" मी म्हणायचे, "तुझ्या तोंडात कोंबायला लागतील तेवढ्या ठेव मेल्या."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी भाट्याच्या वाळूत आयोजकांनी सगळ्यांना गोळा करून मार्ग समजावून सांगितला. सरळ आत जायचं, पहिल्या नारिंगी फुग्याला वळायचं, दुसऱ्या फुग्याला परत फिरायचं, आणि येताना दोन बावट्यांच्या मधून किनाऱ्याला यायचं. बावटे म्हणजे बांबूला बांधलेली काळी फडकी, खाली थर्माकोलचा तरंगता गठ्ठा. आपलं जाळं कुठून कुठपर्यंत टाकलंय ते दिसायला मच्छीमार लावतात तसेच. बंदरातल्या दुकानातूनच आणले असणार. मला तर बरं वाटलं, माहेरचं कुणी भेटावं तसं. मान डोलावली आणि बाबांकडे आले.

"बाबा, उद्या येणार ना?"

"मला जमायचं नाय. गुडघा धरलाय."

तो धरलेला गुडघा घेऊन ते संध्याकाळभर अंगणात येरझारा घालत होते. मी आत वळले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "भरती आसंल. पाणी खाडीकडं ओढंल. जाताना डावीकडं धर."

सकाळी भाट्याला पोचले तेव्हा वाळू पायाला गार लागत होती. सुरूच्या बनापर्यंत माणसंच माणसं! रंगीत टोप्या, शिट्ट्या, कुणीतरी ढोल आणलेला. जेटीवरची म्हातारी मंडळी झाडून सगळी आली होती आणि पहिल्या रांगेत फतकल मारून बसली होती. बाबा कुठेच नव्हते. वेळ संपली की भोंगा वाजणार आणि पाण्यात जो असेल त्याला बोटीत घेणार, हे आयोजकांनी परत एकदा बजावून सांगितलं. बोट तीच होती. बोटीवरचा माणूसही तोच. मला बघून त्याने हात केला. मी केला नाही.

पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आमच्या घरात करतात तसा. शिट्टी झाली.

आई गं, काय सांगू! सगळे एकदम घुसलो. पाणी नुसतं उकळत होतं. पहिली लाथ खांद्यावर बसली आणि मला हसूच आलं. म्हटलं, एवढीच? आमच्या बॅचमधली ह्याच्यापेक्षा जोरात मारते! दुसरी बसली, तिसरी बसली, मी आपली चालले. बाबांचं ऐकून डावीकडे धरलं होतं, त्यामुळे बाकीचे खाडीकडे सरकले आणि मी बरोबर फुग्यावर आले. पहिला फुगा गेला. दुसरा फुगा गेला. दम टिकून होता, हात चालत होते, आणि गेल्या वर्षी जिथे मला उचललं होतं ती जागा कधीच मागे पडली होती. मला पाण्यातच ओरडावंसं वाटत होतं.

समोर दोन बावटे दिसले. आणि मी डावीकडे वळून त्यांना बाहेरून वळसा घातला.

विचार केला नाही. विचार करायचा प्रश्नच नव्हता. बाबांबरोबर लहानपणी होडीतून खाडीत जायचे तेव्हा त्यांनी एकच गोष्ट कान पिळून शिकवली होती. दोन बावटे दिसले की मधून जायचं नाही. खाली कुणाचं तरी जाळं असतं. कितीही लांब पडलं तरी बाहेरून जायचं. आदल्या संध्याकाळी काय ऐकलं, कशाला मान डोलावली, सगळं विसरले. काळं फडकं दिसलं आणि अंग आपोआप वळलं.

"मॅडम! मधून! मधून!" छोट्या कयाक होडीतला स्वयंसेवक शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता.

मी डोकं वर काढून त्याच्यावरच ओरडले, "अरे, जाळं आहे ना तिथं!"

"कसलं जाळं? गेट आहे ते! परत जा, नाहीतर बाद व्हाल!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते भर समुद्रात कळलं. एवढं सगळं पोहून, किनारा समोर दिसत असताना, आता उलटं फिरायचं! बोटीचं इंजिन जवळ आलं. तोच तो. "ताई, घेऊ काय?" त्याने प्रेमाने विचारलं.

"हात लावलास तर बघ!"

फिरले. ओढीच्या विरुद्ध हात मारत गेले, रडत गेले, स्वतःला शिव्या घालत गेले. बावट्यांच्या पलीकडे जाऊन वळले आणि मधून आले. खोटं कशाला सांगू, मधून येतानासुद्धा मी पाय वर धरले होते, खालच्या जाळ्यात अडकू नयेत म्हणून. मग जिवाचं रान केलं. काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. बोटांना वाळू लागली. उठले, पडले, परत उठले, धावत सुटले, आणि काठावरची रेघ ओलांडली तेव्हा मागे भोंगा वाजला.

मी माझ्या पायांवर उभी होते!

मान वळवली तर सुरूच्या एका झाडाआड बाबा. म्हाताऱ्यांच्या रांगेपासून लांब, डोक्यावर टोपी ओढून. नजरानजर झाली आणि ते दुसरीकडे बघायला लागले. माझा आनंद निम्म्यावर आला. सगळ्या जेटीसमोर तांडेलाची लेक पाण्यात वाट चुकली होती, आणि ते त्यांनी बघितलं होतं.

पण थांबायला वेळ कुठे होता? नवऱ्याने सायकल दाखवली, हेल्मेट चढवलं, निघाले. पावस गावाच्या रस्त्याला तो चढ लागतो ना, तिथे भल्याभल्यांची जीभ बाहेर येते. माझीही आली. पण वर कातळावर पोचले आणि दोन्ही बाजूंनी आंब्याच्या मोहराचा असा वास आला की मी एकटीच मोठ्याने हसायला लागले. पुढचा एक घाबरून बाजूला झाला, त्याला मी मागे टाकलं. उतारावर तर मी किंचाळलेच! त्रेचाळिसाव्या वर्षी भर रस्त्यात किंचाळायला मिळतं कुणाला? पळायला लागले तेव्हा पाय माझे नव्हतेच, कुणाचे तरी उसने आणलेले. माशांच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेला थांबल्या आणि ओरडायला लागल्या, "पळ गो बाय, पळ!" पळाले. शेवटून चौथी की पाचवी आले असेन. गळ्यात पदक पडलं तेव्हा मी हसतही होते आणि रडतही होते, आणि नवरा बिचारा पाण्याची बाटली धरून नुसता उभा होता.

"बाबा कुठायत?"

"तू सायकलवर गेलीस आणि ते निघाले."

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं केलं ते कुणासाठी? शेवटपर्यंत थांबता आलं नाही ह्यांना? एवढी लाज वाटली माझी? माहेरी गेले तर आई दारात. म्हणाली, "आले, धुतलेला शर्ट घातला, आणि गेले. कुठं म्हणून विचारलं तर उत्तर नाय."

मी सायकल तशीच वळवली. गळ्यात पदक, अंगावर मीठ वाळलेलं.

जेटीवर लांबूनच बाबांचा आवाज आला. उलट्या होडीवर, आपल्या जुन्या जागेवर, मांडीवर जाळं घेऊन ते बसले होते. मी बर्फाच्या गाडीमागे थांबले.

"वाट चुकली पण तुमची पोरगी," गेल्या वर्षी बर्फाची चेष्टा केलेला तोच बर्फवाला म्हणत होता. "सगळे मधनं गेले, ही बाहेरनं."

"चुकली?" बाबा ताडकन म्हणाले. "बावटा दिसल्यावर आत शिरली आसती तर घरात घेतली नसती मी तिला! एवढी शिकलीसवरलेली माणसं, सगळी जाळ्यावरनं गेली. एकटी माझी बाय वळसा घालून गेली."

"अहो, पण तिथं जाळं नव्हतंच!"

"हे तिला काय म्हायत?"

आजूबाजूच्या माना डोलल्या. तिथल्या प्रत्येकाचं जाळं कधी ना कधी कुणा दुसऱ्याच्या बोटीने फाडलेलं होतं.

माझे डोळे असे भरून आले की गाडीमागे लपणं अवघड झालं. पुढे आले. बाबांनी बघितलं, पदकाकडे बघितलं, आणि जाळं ओढून घेऊन बाजूला जागा केली. त्या होडीवर बायामाणसं बसत नाहीत. "हुबी काय ऱ्हायलीस?" ते म्हणाले. "बस."

बसले. घोटे सुजून आले होते. बर्फवाल्याने वाकून बघितलं, आणि सवयच ती, तोंडून गेलंच त्याच्या.

"बर्फ लावू काय गो?"

आणि ह्या वेळी सगळ्यांच्या आधी बाबा हसले.